सात कुंडं कोणी मोजली?

मागच्या वेळी आपण गटाच्या वहीबद्दल बोललो, व्याज कसं मांडायचं ते बघितलं. आज वही बाजूला ठेवू. आज एका धबधब्याचा इतिहास सांगायचा आहे. धबधब्याला कसला इतिहास, पाणी पडतं आणि वाहून जातं, असं कोणी म्हणेल. पण हा धबधबा आपल्या इतक्या जवळचा आहे आणि त्याच्या काठावर इतकं घडलेलं आहे, की तो सांगितल्याशिवाय आम्हाला राहवत नाही.

धावड्याहून बुलढाण्याकडे पाठ करून निघालं, शिवना मागे टाकलं, की अजिंठा गाव येतं. तिथून रस्ता घाटात उतरतो आणि खाली फर्दापूर. ह्या घाटाच्या कडेला डोंगराची धार आहे, ती धार म्हणजे पाण्याची वाटणी. आपल्या भोकरदन तालुक्यातलं बहुतेक पाणी दक्षिणेला पूर्णा नदीत जातं, पूर्णा गोदावरीला मिळते आणि ते पाणी पार पूर्वेच्या समुद्राला पोचतं. पण त्याच माथ्यावर थोडं उत्तरेला पडलेला पाऊस वाघूर नदीत जातो. वाघूर तापीला मिळते आणि तापी जाते सुरतेकडे, पश्चिमेच्या समुद्राला. एकाच ढगातल्या दोन सरी, एक इकडे, एक तिकडे. सख्ख्या बहिणी वेगवेगळ्या गावी दिल्यासारखं.

ही वाघूर माथ्यावरून दरीत उतरते तिथे ती एकदम उडी मारत नाही. पायऱ्या पायऱ्यांनी उतरते. आपला सगळा डोंगर काळ्या दगडाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस बाहेर आला, थरावर थर साचले आणि निवून दगड झाले. काही थर कठीण, काही भुसभुशीत. पाणी मऊ थर खातं, कठीण थर तसाच राहतो, म्हणून पायरी तयार होते. आणि प्रत्येक पायरीच्या पायथ्याशी पाण्याबरोबर गोटे गरगर फिरून खड्डा कोरतात, जात्याच्या तळीसारखा गोल. ते झालं कुंड. अशी सात कुंडं, म्हणून धबधब्याचं नाव सातकुंड. शेवटची उडी सगळ्यांत मोठी. फर्ग्युसन आणि बर्जेस ह्या दोन साहेबांनी १८८० साली भारतातल्या लेण्यांवर मोठा ग्रंथ काढला, त्यात ह्या शेवटच्या धारेची उंची ७० ते १०० फूट दिली आहे आणि वरच्या सगळ्या मिळून आणखी शंभरेक फूट. ह्या धबधब्यापासून पुढे नदी घोड्याच्या नालासारखं वळण घेते आणि त्या वळणाच्या उभ्या कड्यात, साधारण अडीचशे फूट उंच कड्यात, अजिंठ्याची लेणी कोरलेली आहेत.

म्हणजे लोक लेणी बघायला येतात आणि वाटेत धबधबा बघतात, पण गोष्ट घडली ती उलट्या क्रमाने. आधी धबधबा होता, म्हणून लेणी झाली. बौद्ध भिक्खूंचा नियम असा, की एरवी फिरायचं आणि पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहायचं. त्याला वर्षावास म्हणतात. तीन महिने राहायचं तर डोक्यावर छप्पर हवं, पाणी हवं आणि गावाचा गलबला नको, पण भिक्षेला जाता येईल इतकं गावही जवळ हवं. हे सगळं त्या दरीत होतं. सगळ्यांत जुनी लेणी इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकातली, सातवाहनांच्या काळातली. मग मध्ये चारेकशे वर्षं काम थांबलं आणि पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण ह्याच्या वेळी पुन्हा जोरात सुरू झालं. त्याचा मंत्री वराहदेव ह्याने १६ नंबरचं लेणं दिलं. १७ नंबरच्या लेण्यात एक लेख आहे, त्यात दान देणाऱ्याने पाण्याच्या मोठ्या टाक्याचं कौतुक केलं आहे. पाणी गोड, हलकं, स्वच्छ, थंड आणि भरपूर असल्याचं सांगितलं आहे. आम्हाला हा लेख फार जवळचा वाटला. रंगीत चित्रं, सोनेरी मुकुट, राजवाडे, सगळं आहे तिथे. पण दान देणारा माणूस पाण्याबद्दल लिहितो तेव्हा आपल्या गावातल्या बाईसारखा बोलतो. मे महिन्यात टँकरची वाट बघितलेल्या बाईला विचारा, पाण्याला हेच शब्द लावेल.

पूर्वी प्रत्येक लेण्यापासून खाली नदीपर्यंत पायऱ्या होत्या. बहुतेक ढासळल्या. आता जी सलग वाट लेण्यांच्या समोरून जाते ती नंतरची. जुन्या काळी भिक्खू आपापल्या पायऱ्यांनी पाण्याला उतरत आणि तसेच चढत.

आता आपल्या भोकरदनचा एक धागा इथे जोडावा लागेल. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूत इथल्या स्तूपांना दान देणाऱ्यांमध्ये भोगवर्धनच्या माणसांचे उल्लेख कोरलेले आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या तालुक्याची माणसं मध्य भारतापर्यंत दानधर्म करत होती. १९७३ च्या सुमारास भोकरदनला खोदकाम झालं, त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती निघाली. तशीच घडण असलेली मूर्ती इटलीत पॉम्पेई गावात सापडलेली आहे, आणि ते गाव इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. आपण जिथे बाजारच्या दिवशी भाजी घेतो, तिथल्या कारागिरीची बहीण शोभेल अशी बाहुली समुद्रापार जाऊन बसली होती. अशा व्यापारी गावापासून अजिंठ्याची दरी लांब नाही. तिथे कोण येत असेल, दान कुठून जात असेल, ह्याचा अंदाज तुम्हीच करा.

सातव्या शतकात चीनहून ह्युएन त्संग हा भिक्खू आला. महाराष्ट्राबद्दल लिहिताना त्याने अंधाऱ्या दरीतल्या एका विहाराचं वर्णन केलं आहे, दाराबाहेर दगडाचे हत्ती आहेत असं सांगितलं आहे. १६ नंबरच्या लेण्याच्या पायऱ्यांपाशी दोन हत्ती आजही आहेत. ह्या विहाराच्या जन्माची जी कथा त्याने लिहून ठेवली, ती आपल्या बायकांच्या कार्यक्रमात सांगायलाच पाहिजे. आचार नावाचा एक अर्हत होता. त्याची आई वारली. ती पुन्हा कुठे जन्मली हे त्याने ध्यानाने पाहिलं, तर ती ह्या महाराष्ट्रात एक मुलगी होऊन जन्मलेली. तो शोधत आला, त्या घरी भिक्षेला उभा राहिला. मुलगी अन्न घेऊन बाहेर आली आणि त्याला पाहताच तिच्या स्तनांतून दूध वाहू लागलं. लग्न न झालेली पोर. घरचे घाबरले, अपशकुन म्हणाले. तेव्हा त्याने तिला मागच्या जन्माची हकिकत सांगितली आणि तिलाही ज्ञान झालं. आईचे उपकार फेडायचे म्हणून त्याने हा विहार बांधला. २६ नंबरच्या लेण्यातल्या लेखात अचल नावाच्या स्थविराचं नाव येतं, तोच हा असं अभ्यासक मानतात. कथा खरी का खोटी हे सोडा. राजे आणि मंत्री लेख कोरून घेत होते, त्याच वेळी लोकांच्या तोंडी ह्या जागेचं कारण एका आईचं होतं, हे आम्हाला मोठं वाटतं.

पुढे हरिषेणाचं राज्य मोडलं, दान आटलं, भिक्खू हळूहळू गेले. दरी जंगलाने घेतली. सागवान, अंजन, पळस, आणि धावडा. हो, धावडा. आपल्या गावाचं नाव आणि डोंगरातल्या झाडाचंही नाव. धावड्याचा डिंक आपण बाळंतिणीच्या लाडवांत घालतो तो ह्याच झाडाचा. नदीच्या नावात वाघ आहे तोही उगाच नाही. जाळीच्या देवाला आपण जातो ना, तिथेही चक्रधरस्वामींची आणि वाघाची हकिकत सांगतात. ही सगळी डोंगररांग वाघाची होती.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या असईला मोठी लढाई झाली. वेलस्लीच्या इंग्रज फौजेने शिंदे आणि भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. दोन्हीकडची हजारो माणसं पडली. वेलस्लीने आपल्या जखमी शिपायांसाठी दवाखाना उघडला तो अजिंठा गावातल्या तटबंदीत. लेण्यांपासून काही कोसांवर महिनोन्‌महिने गोरे शिपाई पडून होते. लेण्यांचा गाजावाजा मात्र त्यानंतर १६ वर्षांनी झाला.

ती हकिकत शाळेच्या पुस्तकात आहे. २८ एप्रिल १८१९. मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीला आला होता. दरीच्या पलीकडच्या माथ्यावरून त्याला समोरच्या कड्यात १० नंबरच्या लेण्याची मोठी कमान दिसली. खाली उतरला, आत गेला आणि खांबावर आपलं नाव आणि तारीख ओरखडून आला. ते नाव आज माणसाच्या डोक्याच्याही वर आहे, कारण तेव्हा लेण्यात माती आणि राडारोडा साचला होता आणि तो त्याच्यावर उभा होता. ह्या तारखेवर आमच्या गटात बराच वाद झाला. एप्रिल म्हणजे सागाची पानगळ झालेली, डोंगर उघडा. नदीला पाणी नाही. आमचं मत असं, की तो श्रावणात आला असता तर हिरवाईत आणि धुक्यात त्याला कमान दिसलीच नसती. भिक्खूंनी जी जागा पावसाळ्यासाठी निवडली, ती शिकाऱ्याला सापडली उन्हाळ्यात.

पण सापडली म्हणजे काय? हरवली होती कोणाला? धबधब्याच्या वर माथ्यावर एक छोटं गाव आहे, लेणापूर. गावाच्या नावातच लेणं आहे. दरीत गुरं नेणारी पोरं, लाकूडफाटा आणि गवत आणणाऱ्या बाया, डोंगरात राहणारे भिल्ल, ह्यांना ती माहीत नव्हती असं कोण म्हणेल? १८२४ मध्ये जेम्स अलेक्झांडर नावाचा दुसरा अधिकारी आला. लोकांनी त्याला बजावलं होतं, तिकडे जाऊ नका, वाघ खातील नाही तर भिल्ल मारतील. त्या काळात खानदेशातले भिल्ल इंग्रजांशी झुंजत होते, जंगल त्यांचं होतं आणि ते ते सोडायला तयार नव्हते. साहेबाच्या कागदात ते दरोडेखोर झाले. ज्यांना वाट माहीत होती त्यांची नावं कागदावर आली नाहीत, ज्यांना वाट दाखवली गेली त्यांची आली.

धबधब्याच्या नावाचंही तेच. साहेबांच्या ग्रंथात सातकुंड हा शब्द आपल्या भाषेतला जसाच्या तसा छापलेला आहे. म्हणजे तो त्यांनी कोणाकडून तरी ऐकला. आता गंमत बघा. लेण्यांच्या बाजूने, खालून बघितलं तर सगळे टप्पे एका नजरेत येत नाहीत, मुख्य दिसते ती शेवटची धार. सात मोजायची तर वर जावं लागतं, कुंडाकुंडापाशी उतरावं लागतं. पर्यटक ते करत नाही. उन्हाळ्यात वरच्या कुठल्या कुंडात अजून पाणी आहे हे ज्याला रोज बघावं लागतं, तोच मोजतो. आमच्या मते ही मोजणी माथ्यावरच्या बायांची आणि गुराख्यांची आहे.

लेणापूरची म्हणून जिचं नाव सांगतात ती एकच, पारो. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल ह्या मद्रास फौजेतल्या चित्रकाराला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. त्याने त्या कामात आयुष्याची किती वर्षं घातली. अजिंठा गावात पारोची कबर आहे, २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख त्यावर आहे आणि ती गिलने बांधून घेतली. एवढं दगडावर आहे. बाकीचं प्रेम लोकांनी भरलं. ना. धों. महानोरांनी त्यावर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं, ते आपल्या शेजारच्या पळसखेड्याचे. पुढे सिनेमाही आला. गिलच्या नकला लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या, १८६६ च्या आगीत बहुतेक जळून गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा काम केलं, त्यातल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनला जळाल्या. दोनदा आग. आणि ह्या दरीतलं मूळ चित्र मात्र धबधब्याच्या ओलीत, वटवाघळांच्या घाणीत, दीड हजार वर्षं टिकलं.

ह्या सगळ्या साहेबांमध्ये एक बाई येते. क्रिस्तियाना हेरिंगहॅम. १९०६ मध्ये ती पहिल्यांदा आली, मग १९०९ ते १९११ च्या दोन हिवाळ्यांत पुन्हा. तेव्हा तिची पन्नाशी उलटलेली. फर्दापूरला तंबू, तिथून रोज लेण्यांत जायचं, अंधारात परांचीवर चढून चित्रांवरून नक्कल उतरवायची. तिच्या चमूत डोरोथी लार्चर ही दुसरी बाई होती, कलकत्त्याहून आलेले नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार हे तरुण चित्रकार होते, हैदराबादचे सय्यद अहमद होते. तिकडे इंग्लंडमध्ये ती बायकांच्या मताच्या हक्काच्या बाजूने उभी असलेली. १९१५ मध्ये तिच्या नकलांचं पुस्तक निघालं. हे काम संपल्यावर तिचं मन बिघडलं आणि पुढची वर्षं तिने दवाखान्यात काढली. हे वाचून आमच्यातल्या दोघी-तिघी गप्प झाल्या. घर सोडून, वय झाल्यावर, जिवाला पटेल ते काम करायला एवढ्या लांब येणारी बाई, आणि आपण?

कारण आम्ही जाऊन आलो तेव्हाची खरी अडचण वाट ही नव्हतीच. वाट आता डांबरी आहे. १९८३ पासून अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत आहे, फर्दापूरच्या टी-पॉइंटपासून बस लेण्यांपर्यंत नेते. १९८१ मध्ये जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत आपण आणि अजिंठा एकाच जिल्ह्यात होतो. आणि तरी आमच्या गटांतल्या तेवीस जणींपैकी पंधरा जणींनी तो धबधबा पाहिलेला नव्हता. कोणी लग्न होऊन तीस वर्षं झालेली, कोणी सुनांना सुना आलेली. अडचण होती घरी सांगायची. जाळीच्या देवाला जाते म्हटलं की लगेच होकार. माहेरी जाते म्हटलं की दोन दिवसांनी होकार. पाणी बघायला जाते म्हटल्यावर सगळे तोंडाकडे बघतात. पाणी काय बघायचं असतं? एका काकूंना तर सासूबाई म्हणाल्या, नळाला आलंय, ते बघ की.

शेवटी बैठकीला उशिरा येण्याचा जो दंड आपण घेतो, तो साठला होता, त्यातून दोन क्रूझर ठरवल्या. म्हणजे ज्या बाया नेहमी उशिरा येतात त्यांनीच सहलीचा खर्च केला म्हणायचा. श्रावणातला मंगळवार धरला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. आधी माथ्यावरच्या व्ह्यू पॉइंटला गेलो, जिथून स्मिथने पाहिलं असं सांगतात. खाली नालासारखी दरी, समोर लेण्यांची रांग, आणि डाव्या-उजव्या कानांत एकच आवाज. तिथे सासष्ट वर्षांच्या एका मावशी कठड्याला धरून किती तरी वेळ उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर घाटमाथ्यावरच्या एका वाडीचं. लहानपणी त्या गवताचा भारा घेऊन ह्याच बाजूने जायच्या. आम्ही विचारलं, तेव्हा धबधबा बघत होतात का? म्हणाल्या, "डोक्यावर भारा असला का मान वर होत न्हाई माय. आवाज ऐकला होता. बघतेय आज." आणि मग त्याच आम्हाला सांगू लागल्या, कुठलं कुंड उन्हाळ्यात आधी आटतं, कुठल्या कुंडात म्हैस पडली होती, कुठल्या दगडावर उभं राहायचं नाही. आमच्यातल्या बीए झालेल्या तिघी वहीत लिहून घेत होतो.

तो न उभं राहायचा दगड तुम्हीही लक्षात ठेवा. कुंडांच्या कडा गुळगुळीत असतात आणि पावसाळ्यात त्यांवर शेवाळ चढतं. २०२३ च्या पावसाळ्यात एक तरुण फोटो काढताना पाय घसरून कुंडात पडला. पोहता येत होतं म्हणून दगडाला धरून राहिला, त्याला दोर टाकून वर काढला. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. वरून बघा, खालून बघा, कड्याच्या टोकाला जाऊ नका, लेकरांचा हात सोडू नका.

सोमवारी लेणी बंद असतात. पाणी बघायचं तर आषाढाच्या शेवटापासून भाद्रपदापर्यंत जा, एप्रिल-मेमध्ये तिथे नुसते दगड दिसतील. १० नंबरच्या लेण्यात स्मिथचं नाव शोधायचं असेल तर तिथल्या पहारेकऱ्याला विचारा, तो दाखवतो. आणि गटातल्या ज्या मावशी कधीकाळी त्या डोंगरात गवताला गेल्या असतील, त्यांना पुढच्या सीटवर बसवा.